फडतरेबाईंची बिनरंगाची सायकल

"नुसती बघून जायचं असेल तर चहावर भागवीन. घ्यायचं मनात असेल तर पोहे करते. काय ते आत्ताच सांग, शेंगदाणे तळायला टाकायचे आहेत."

फोनवरचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. खणखणीत, मैदानावर घुमलेला. मी गडबडले आणि म्हणाले, "घ्यायचं मनात आहे."

"मग ये. उपाशी ये."

मी तेव्हा साताऱ्याच्या करंजे पेठेत आईबरोबर राहत होते. कोरेगाव रस्त्यावर आमच्या दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं, तिथं मी दूध तपासायला होते. दूध पहाटेचं येतं, म्हणजे मीही पहाटेची. थंडीत अंधार असतानाच निघायचं, कानटोपी, हातमोजे, पुढं दिवा. लोकांना वाटे, बिचारी. मला मात्र दिवसातला तेवढाच वेळ माझा वाटे. माहुलीच्या पुलावर कृष्णेचं धुकं अंगावर यायचं. पुढं दोन्ही बाजूंना ऊस, त्याची पाती दंवानं जड झालेली. त्या वाटेवर मला कुणी हाक मारत नसे, कुणी काही मागत नसे.

माझी जुनी सायकल लोखंडाची होती. केंद्रात सदा पाणी, टाक्या धुतल्याचा सोडा, वर थंडीचं दंव. गंजानं तिला आतून खाल्लं आणि एका सकाळी पायडलजवळच्या जोडाला चीर दिसली. मिस्त्रीनं डाग देऊन दिला, पण म्हणाला, "ताई, हे आता देवाच्या भरवशावर." भाऊ म्हणाला, स्कूटी घे. आई म्हणाली, लग्न कर. पुण्यातल्या दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, कार्बन फायबरची घ्या. एका बोटानं उचलाल."

"आणि दुधाच्या टाकीवर आपटली तर?"

"आपटू नका."

तिथंच एका कोपऱ्यात मी टायटॅनियमची सायकल पहिल्यांदा पाहिली. गंजत नाही, रंग लागत नाही, खड्ड्याचा दणका हातापर्यंत येऊ देत नाही, असं तो सांगत होता. पुढं तिची किंमत सांगितली आणि मी त्याचे आभार मानून बाहेर आले. मन मात्र तिथंच राहिलं. मग महिन्याभरात साताऱ्याच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ आली. "टायटॅनियमची रोड सायकल देणे आहे. वापर थंडीचा व रोजचा. योग्य माणूस मिळाला तरच." खाली नाव, शशिकला फडतरे, गोडोली. किंमत फोनवर कळली. मला पेलण्यासारखी होती. इतकी पेलण्यासारखी, की शंका यावी.

रविवारी सकाळी मी गोडोलीत पोचले. बैठं घर, मागं अजिंक्यतारा उन्हं खात बसलेला. दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ, बाईंचे यजमान अप्पा, कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि आत आवाज दिला, "अगं, आणखी एक आलं स्थळ."

स्थळच ते. समोरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती आणि सतरंजीवर, भिंतीला पाठ लावून, ती उभी होती. अंगावर रंगाचा ठिपका नाही. पहाट व्हायच्या जरा आधी आभाळाला जो रंग असतो ना, ज्याला धड राखाडी म्हणवत नाही आणि धड निळाही म्हणवत नाही, तो तिचा रंग. जोडांवर वेल्डिंगच्या रेघा माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक. रोड सायकलचं वाकडं हँडल, पण टायर जरा जाड, चाकांवर मडगार्ड, मागं कॅरिअरसाठी जागा केलेली. नटलेली नव्हती ती. कामाला निघाल्यासारखी दिसत होती.

फडतरेबाई आतून पोहे घेऊन आल्या. साठी ओलांडलेली, ठेंगणी, काटक बाई. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, हे मागाहून कळलं, पण पाहताक्षणी ओळखता आलं असतं. आपण पाठ ताठ करूनच बसत होतो त्यांच्यापुढं.

बघायला आलेल्यांपुढं मी आजवर बऱ्याचदा बसले होते. तिथं माझ्या हातात ट्रे असायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मी पलीकडच्या बाजूला होते, आणि तरी प्रश्न मलाच होते.

"काय करतेस, सारिका?"

"दूध तपासते."

"पाणी घातलेलं कळतं?"

"लगेच."

"छान. सायकल दिवसा कुठं ठेवणार?"

"तपासणीच्या खोलीत. माझ्या टेबलामागं."

"आणि घरी?"

"माझ्या खोलीत, खाटेशेजारी."

बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ते कुंड्या सोडून चौकटीला टेकून उभे होते.

"मडगार्ड काढणार की ठेवणार?"

"ठेवणार. थंडीत रस्ता दंवानं ओला असतो, त्यात ट्रॉल्यांचा चिखल सांडलेला. मडगार्ड नसलं तर पाठीवर नकाशा उमटतो."

"बघा," बाई नवऱ्याला म्हणाल्या, "आणि तो डॉक्टर काय म्हणाला? मडगार्डनं शोभा जाते म्हणे."

"म्हणून हिनं त्याला पोहे दिले नाहीत," ते मला म्हणाले. "बिचारा वास घेऊन गेला."

मी हसले. त्यांच्याशी बोलावं म्हणून विचारलं, "अप्पा, तुम्ही किती वर्षं चालवता ही?"

अप्पांना ठसका लागला. बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"मी?" अप्पा म्हणाले. "पोरी, मला सायकल येत नाही. पाटबंधाऱ्यात होतो, आयुष्यभर कालव्याच्या कडेनं चालत हिंडलो. ही हिची आहे. हिचा भाचा इंग्लंडात असतो, त्यानं आणून दिली. तिकडं म्हणे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं लोखंड सडतं, म्हणून लोक थंडीपुरती अशी वेगळी ठेवतात. आमच्याकडं थंडी, उन्हाळा, पावसाळा हीच. भाजीला हीच, बँकेला हीच, आणि पहाटे उठून माहुलीपर्यंत तर रोज."

मला ओशाळल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, सायकल बुटकी होती, माझ्या मापाची, म्हणजे बाईंच्याही.

"मग देता का?" मी विचारलं.



"गुडघे," बाई म्हणाल्या.

आणि लगेच सायकलीपुढं उकिडव्या बसून मला चेन दाखवायला लागल्या. ही अशी पुसायची, हे एवढंच तेल, तिला तेलात बुडवायची नाही. बराच वेळ तशाच बसल्या आणि हात न टेकता उठल्या.

हात धुवायला मागच्या नळावर गेले तर अप्पा मागोमाग आले. आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, चांगली दिसतेस म्हणून सांगतो. घेऊ नकोस. फ्रेमला तडा आहे."

"कुठं?"

"आहे कुठंतरी. तिला सांगू नकोस मी बोललो म्हणून." आणि टॉवेल माझ्या हातात देऊन निघून गेले.

मी परत येऊन सतरंजीवर बसले आणि फ्रेमचा एकेक जोड नखानं चाचपला. सीटखालचा, हँडलखालचा, पायडलजवळचा. नख कुठं अडकेना. चिरेला मी ओळखत होते, रोज एका चिरेवर बसून कामाला जात होते. इथं एकही नव्हती. बाई वरून बघत होत्या.

"काय शोधतेस?"

"काही नाही."

"सगळे भाव विचारतात, वजन विचारतात. बोटं फिरवणारी तू पहिली." त्या समोर बसल्या. "पसंत आहे?"

"आहे."

"मला अजून तू पसंत नाहीस. मंगळवारी उजाडताना ये, तुझी सायकल घेऊन. माहुलीपुढं जाऊन येऊ. जाताना ही मी चालवीन, येताना तू. रस्त्यावर माणूस कळतं."

त्या आठवड्यात संध्याकाळच्या दुधासाठी मला दुपारची पाळी होती, म्हणून जमलं. मंगळवारी थंडी अशी होती की श्वास तोंडापुढं पांढरा उभा राहत होता. बाईंनी साडी नेसून वर नवऱ्याचं जाड स्वेटर घातलं होतं, ओचा घट्ट खोचलेला, पायांत बूट. अप्पा माकडटोपी घालून फाटकाशी. "सावकाश जा," ते म्हणाले. बाईंनी न ऐकल्यासारखं केलं.

त्या पुढं, मी मागं. माझी सायकल कुरकुरत होती. त्यांची अजिबात आवाज करत नव्हती, फक्त ओल्या डांबरावर टायरची सूं. पुलावर धुकं होतं, त्यातून दोन चाकं आणि एक पाठ एवढंच मला दिसत होतं. आणि मग त्या गायला लागल्या. जात्यावरची चाल, पण शब्द त्यांचे.

"नको रंग नको रोगण, हिचं अंग गं उघडं,
दंव पडो पाणी पडो, हिला गंज ना गं चढं.

पहाटेच्या गं पारी, चाक फिरे भराभरा,
सूर्यदेवाच्या आधी, मीच जागविते घरा."

"कुणाची ओवी बाई?" मी मागून ओरडले.

"माझीच! आईनं जात्यावर म्हटल्या, मी पायडलवर म्हणते. दळण तेच!"

ऐकताना मला इतकं बरं वाटलं की हाताची बोटं गारठलीत हेही विसरले. पण मागून चालणाऱ्याला पुढच्याचं पुष्कळ दिसतं. बाई रस्त्याची डावी कड धरून चालल्या होत्या आणि शेतातली वाट आली, की प्रत्येक वेळी मान पार डाव्या खांद्यावर वळवत होत्या. नुसती नजर टाकून भागेल तिथंही. साळुंकी कशी दाणा बघायला डोकं आख्खं फिरवते, तशी. आधी मला ती सवय वाटली. उजवीकडं मात्र त्या मान वळवत नव्हत्या.

पूल मागं पडला, धुकं नदीशीच राहिलं. रस्ता लख्ख झाला. बाई पुढच्या ओवीत होत्या, गाण्यात रंगलेल्या, आणि डावीकडच्या उसातून एका ट्रॅक्टरचं तोंड बाहेर आलं. मागं भरलेल्या ट्रॉल्या. मला तो केव्हाचा दिसत होता. त्यांचा वेग कमी होईना.

"बाई, थांबा! बाई!"

ब्रेक करकचून लागले. सायकल हलली नाही, घसरली नाही, ट्रॅक्टरच्या चाकापासून हातभर अंतरावर जागच्या जागी उभी राहिली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"ओ आजी! उसात घुसायचंय का काय? मोळीत बांधून कारखान्यावर नेऊन घालतो की!"

"तू आधी हॉर्न वाजवायला शीक रे!" बाईंनी तेवढ्याच जोरात परतवलं. पण ट्रॉल्या निघून गेल्यावर त्या खाली उतरल्या आणि सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.

"दिसला नाही," त्या म्हणाल्या.

मी माझी सायकल उसाच्या कडेला लावली.

"धुकं आहे ना."

"हो," मी म्हणाले. "धुकं आहे."

समोर कोवळं ऊन उसाच्या शेंड्यांवर उतरलं होतं. दूरवरची टेकडी, टेकडीवरचं झाड, झाडावरचा बगळा, सगळं दिसत होतं.

"इथूनच फिरू," बाई म्हणाल्या आणि हँडल माझ्या हातात दिलं. "आता तू घे."

ती सायकल पहिल्यांदा चालवली ते मला सांगता येणार नाही नीट. खड्डा यायचा, कळायचा, पण लागायचा नाही. जशी एखादी समजूतदार मोठी बहीण घरातली बोलणी स्वतः ऐकून घेते आणि आपल्यापर्यंत गाळून पोचवते, तशी. पायडल मारावं आणि तिनं हो म्हणावं. मी हावरटासारखी चालवत होते आणि त्याच वेळी बाईंच्या डावीकडं राहून चालले होते. ठरवून नाही. आपोआप.

फाटकाशी अप्पा तसेच उभे. बाई सायकलींकडं न बघता म्हणाल्या, "पसंत आहेस. थांब, नारळ आणते. मोकळ्या हातानं पाठवायची नाही मला ती." आणि आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा, ताट काढल्याचा आवाज येत राहिला.

अप्पा जवळ आले.

"तडा नाहीये," ते म्हणाले.

"माहीत आहे अप्पा."

"सगळ्यांनाच काहीबाही सांगतो मी. डॉक्टरला म्हटलं, चोरीची आहे." त्यांनी टोपी काढली, हातात चुरगळली. "मागच्या थंडीत पडली ती. वासरू आडवं आलं म्हणे. गालाला खरचटलं, बाकी काही नाही. पण मी घाबरलो गं. घाबरलो आणि भलतंच बोललो. म्हटलं, आता पुरे, या वयात साडी खोचून हिंडतेस, लोक हसतात. तेव्हा काही बोलली नाही. आणि आता ही जाहिरात. माझ्या एका शब्दापायी विकायला काढलीय तिनं. विचारलं तर कधी गुडघे म्हणते, कधी हौस फिटली. तू तिला नको म्हण. तुझं ऐकेल. तू पसंत पडलीयेस तिला."

मला ती सायकल हवी होती. इतकी, की हँडलवरचा हात मला सोडवत नव्हता. आणि मला त्या रस्त्यावर जे दिसलं होतं ते अप्पांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. ते सांगणं माझं नव्हतं. पण नुसतीच सायकल घेऊन निघून गेले असते तर हा माणूस त्या एका वाक्याखाली राहिला असता, आणि बाई त्यांच्या धुक्याखाली. अशा घरातली वस्तू मला माझ्या खाटेशेजारी झोप लागू देणारी नव्हती.

बाई आल्या. ताटात नारळ, तांदूळ, हळदकुंकू, खण, बागेतला झेंडू. लेक सासरी निघावी तसं सगळं.

"बाई," मी म्हणाले, "मी सायकल घेत नाही."

"का?"

"अप्पा म्हणतात, फ्रेमला तडा आहे."

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात माती कालवली होती. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. पाहताना मान जरा जास्तच फिरली.

"कुठं आहे तडा?"

"अगं..."

"दाखवा ना. मला नाही सापडला इतक्या वर्षांत."

"नाहीये तडा," अप्पा म्हणाले. "मीच उठवलं. डॉक्टरलाही मीच घालवला, आणि त्या कोल्हापूरवाल्यालाही."

"पोहे वाया घालवलेत माझे?"

"घालवले. आणखी घालवीन. विकू नकोस, शशे. मी बोललो ते मागं घेतो. हसणारे गेले उडत. उलट साऱ्या गोडोलीत मी सांगत असतो, आमची ही माहुलीला जाऊन येईस्तोवर मला अंथरूण सुटत नाही. तू जात जा. मी फाटकाशी उभा राहीन, नाहीतरी राहतोच. माझ्यासाठी म्हणून सोडू नकोस."

बाईंनी ताट हळूच फाटकाच्या कठड्यावर ठेवलं. चिमूटभर कुंकू घेतलं, सायकलच्या त्या उघड्या अंगावर बोट टेकवलं, एक ठिपका उमटला. मग हळद. मग तसंच बोट पदराला पुसत त्या अप्पांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"सायकल सारिकाची," त्या म्हणाल्या. "ते ठरलं. आणि तुमच्यामुळं सोडलेली नाही हो. तुम्ही म्हणालात म्हणून मी आजवर काय सोडलंय?"

"मग?"

"वासरू आडवं आलं नव्हतं. ते तिथंच उभं होतं, मलाच दिसलं नाही. काचबिंदू आहे. डाव्या अंगाचं मला दिसेनासं झालंय, दीड वर्षं झाली. औषध चालू आहे, राहिलंय ते राहील म्हणतात डोळ्यांचे डॉक्टर. सांगितलं नाही, कारण तुम्ही मला अंगणातही एकटं सोडलं नसतं." त्यांनी अप्पांच्या हातातली चुरगळलेली टोपी घेतली, सरळ केली आणि त्यांच्या डोक्यावर घातली. "आता सोडूच नका. उद्यापासून माहुलीला पायी जाऊ. तेवढं माझ्या डाव्या हाताला चालत जा."